बाटल्या थरथरतात, पण बेस ऐकू येत नाही

ताई, नमस्कार.

माझं वय ३९. कॉलेजात असताना गिटार वाजवायचो. दोन वर्षांपूर्वी जुन्या मित्रांनी रॉक बँड पुन्हा जमवला, तेव्हा गिटारवाले आधीच दोन होते आणि बेसला, म्हणजे जाड, खालच्या स्वरांच्या गिटारला, कोणीच नव्हतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी 'हो' म्हणून बसलो. आता महिन्यातून दोन शनिवारी आम्ही घराजवळच्या एका छोट्या बारमध्ये वाजवतो. परवा कार्यक्रम संपल्यावर एक गृहस्थ सगळ्यांशी हात मिळवत माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, "मस्त झालं. तुम्ही बँडमध्ये काय करता?" दोन तास मी त्यांच्यापासून दहा पावलांवर उभा होतो, हातात बेस घेऊन! बायको म्हणते, तुझं काही कळत नाही, नुसतं घुमतं. ड्रमर म्हणतो, बेस वाढव, मला ऐकूच येत नाही. गिटारवाले म्हणतात, कमी कर. मालक म्हणतात, तुमच्यामुळे फळीवरच्या बाटल्या थरथरतात. मी गिटारकडे परत जाऊ, की बँडच सोडू? (एकदा एका गिटारवाल्याची तार तुटली, दुसरा त्याच्या मदतीला वाकला, तेव्हा मी आणि ड्रमर दोघांनीच दोनेक मिनिटं गाणं ओढलं होतं. लोक नाचत राहिले. पण ते गाणंच तसं होतं म्हणा.)

– बाटल्या हलवणारा

नमस्कार.

आधी एक सांगून टाकते. भाजीतलं मीठ, इमारतीचा पाया, गाडीचा आस, यातलं काहीही मी तुम्हाला म्हणणार नाही. अकरा वर्षं बेस वाजवला. हे सगळं इतक्या वेळा ऐकलं, की पुढेपुढे कोणी 'तू आमचा पाया आहेस' म्हटलं की मला वाटायचं, आता हा मानधनातला माझा वाटा कमी करणार.

घरच्या आणि बँडच्या लोकांनी, शिवाय मालकांनी, तुम्हाला वेगवेगळं सांगितलं आणि तुम्ही गोंधळलात. पण सगळे खरंच बोलताहेत. फक्त प्रत्येक जण खोलीत वेगळ्या जागी आहे.

तुमची सगळ्यात जाड तार, ई, रिकामी छेडली की सेकंदाला सुमारे ४१ कंपनं होतात. हवेत त्या लाटेची लांबी आठ मीटरच्या वर जाते. लहान बारमध्ये ती धड मावतसुद्धा नाही. भिंतीवर आदळून परत फिरते, समोरून येणाऱ्या लाटेला भेटते; काही ठिकाणी दोघी मिळून फुगतात, काही ठिकाणी एकमेकींना खाऊन टाकतात. भिंतीलगत आणि कोपऱ्यात खालचे स्वर फुगतातच. तुमची बायको बहुधा भिंतीच्या बाजूच्या टेबलावर बसत असणार. ड्रमर बहुधा तेच स्वर गडप होतात अशा जागी बसलाय. त्याच्यासाठी तुम्ही बटण फिरवता आणि तो वाढलेला आवाज जाऊन पडतो बायकोच्या टेबलावर.

आणि तुम्ही स्वतः? तुमचा अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा) जमिनीवर, तुमच्यामागे, हातभर अंतरावर. तो वाजतो तुमच्या पोटऱ्यांवर. पोटऱ्यांना कान नसतात. स्वराचा जो भाग ओळखीचा असतो, बोटाचा, तारेचा, तो स्पीकरमधून बराचसा सरळ रेषेत निघतो आणि तुमच्या गुडघ्यांखालून निघून जातो. त्याला एखाद्या मजबूत स्टुलावर चढवा किंवा मागे रेलवून त्याचं तोंड तुमच्या कानाकडे करा. जमिनीवरून उचलला की अजून एक फायदा होतो. मंच लाकडी असेल तर तो अ‍ॅम्पबरोबर ढोलासारखा बोलायला लागतो. ते कमी होतं. अ‍ॅम्प कोपऱ्यात असेल तर आजच बाहेर काढा. जागा नाही, दार आहे, खुर्च्या आहेत, सगळं मान्य. तरी काढा.

आता बाटल्या. मालकांची तक्रार ही मला तुमच्या पत्रातली सगळ्यात उपयोगी माहिती वाटली, कारण बाटल्या खोटं बोलत नाहीत आणि त्या सगळ्याच स्वरांना थरथरत नाहीत. प्रत्येक खोलीचे एक-दोन लाडके स्वर असतात. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये साधारण ३.१ मीटर अंतर असेल तर ५५ हर्ट्झला (सेकंदाला ५५ कंपनांना) ती खोली स्वतःच सूर धरते, आणि ५५ हर्ट्झ म्हणजे तुमची रिकामी ए तार. अंतर ४ मीटर असेल तर हा स्वर खाली ४३ हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे ई तारेचा पहिला फ्रेट (दांड्यावरचा पहिला खण). पुढच्या शनिवारी लोक यायच्या आधी अर्धा तास जा. बार रिकामा असताना ई तारेपासून एकेक फ्रेट वर चढत जा, प्रत्येक स्वर चार मात्रा धरा आणि फळीकडे बघत राहा. एका ठिकाणी बाटल्या किणकिणतील. पुढच्या फ्रेटला गप्प होतील. तो स्वर कागदावर लिहून ठेवा. अ‍ॅम्पवर किंवा पेडलवर अरुंद पट्टा कापता येणारं ईक्यू (ठरावीक स्वर कमी-जास्त करणारी बटणं) असेल तर तेवढाच भाग खाली आणा. नसेल तर तो स्वर हलक्या बोटाने वाजवा, जमेल तिथे वरच्या सप्तकात न्या. तोच स्वर दुसऱ्या तारेवर घेऊन फार फरक पडणार नाही. खोलीला तार दिसत नाही.

याच अर्ध्या तासात लांब केबल लावून बेस वाजवत खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. मंचावर जो आवाज मला खानदानी वाटत होता, तो दारापाशी कोणीतरी वरच्या मजल्यावर कपाट सरकवावं तसा येत होता.

ते कपाट सरकणं कशामुळे, तर घरी एकट्याने वाजवताना आपण बेसचं (खालच्या स्वरांचं) बटण पूर्ण वर, ट्रेबल (वरचे स्वर) वर आणि मधलं मिड खाली करतो. घरात ते गोड लागतं. बँडमध्ये विरघळून जातं. कानाला स्वराची ओळख पटते ती खालच्या मूळ कंपनापेक्षा त्याच्या वरच्या, दुप्पट-तिप्पट कंपनांच्या पटींमधून. मोबाइलच्या इवल्या स्पीकरला ४१ हर्ट्झ काढताच येत नाही, तरी बेसचा स्वर कोणता ते आपल्याला त्यातूनही कळतं; वरच्या पटींवरून मेंदू खालचा स्वर स्वतः भरून काढतो. तेव्हा बेसचं बटण थोडं खाली, मिड वर, अंदाजे २५० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यात. एकट्याने ऐकाल तर नाकात बोलल्यासारखं वाटेल. वाटू द्या.

गिटारवाल्यांशीही बोलावं लागेल. त्यांची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झची, तुमच्या खालच्या तारेच्या बरोबर एक सप्तक वर. दोघांनीही अ‍ॅम्पचा बेस वर ठेवला असेल, आणि गिटारवाले ठेवतातच, तर तुमच्या मोहल्ल्यात तिघं जण एका खाटेवर झोपलेत. "तुमचा आवाज कमी करा" असं म्हणू नका, ते काम कधीच होत नाही. "आवाज आहे तेवढाच ठेवा, फक्त खालचं बटण कमी करून बघा" म्हणा. एका गाण्यापुरतं. तुम्हीही गिटारवालेच, तुम्हाला त्यांची भाषा येते.

हे झालं यंत्राचं. पण मला खरा संशय तुमच्या बोटांवर आहे.

तुम्ही गिटारवरून आलात. गिटारवर वाजलेला स्वर मागे रेंगाळत राहिला तर चालतं, उलट बरं वाटतं. बेसवर तो रेंगाळला की पुढच्या स्वराच्या अंगावर पडतो, आणि दोन खालचे स्वर एकमेकांवर पडले की त्यांचा चिखल होतो. 'नुसतं घुमतं' हे तुमच्या बायकोने केलेलं वर्णन मला अर्धं खोलीचं वाटतं आणि अर्धं तुमच्या न दाबलेल्या तारांचं. माझ्या ड्रमरने मला पहिल्या वर्षी एक वाक्य ऐकवलं होतं. तालमीत गाणं थांबवून म्हणाला, "तू सुरू कधी होतेस ते मला कळतं गं, थांबतेस कधी ते कळत नाही." मला राग आला. घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं आणि मग वेगळ्याच माणसाचा राग आला.

तेव्हापासून मी स्वराचा शेवट मोजायला शिकले. तुम्हीही करून बघा. तुमच्या यादीतलं सगळ्यात सोपं, मध्यम लयीचं गाणं घ्या. फक्त मूळ स्वर वाजवा, एकही जादा स्वर नाही. ड्रमरचा पाय पडतो, किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) वाजते, तिथे तुमचा स्वर सुरू. त्याची काठी स्नेअरवर, समोरच्या छोट्या कडक ड्रमवर, पडते तिथे स्वर बंद. पूर्ण बंद, म्हणजे स्नेअरच्या क्षणी तुमच्याकडून शांतता. बंद करायचं डाव्या हाताने: बोट तारेवरून उचलायचं नाही, दाब सोडायचा. बोट पूर्ण उचललंत तर रिकामी तार गुणगुणायला लागते. उजव्या हाताचा अंगठा वरच्या न वाजणाऱ्या जाड तारांवर टेकलेला. तुम्ही डी किंवा जी तारेवर गेलात की ई आणि ए त्याच्याखाली गप्प. हे सगळं गाणंभर करा. दहा मिनिटांनी तुमचा ड्रमर मान वर करून तुमच्याकडे बघेल. मग पुढच्या वेळी तेच गाणं, तेच स्वर, पण स्वर स्नेअरच्या पलीकडे पाव मात्रा ओढून. गाणं बदलतं. एकही नवा स्वर न घालता बदलतं. तबल्याच्या मैफलीत डग्ग्यावर मनगट कधी दाबलं जातं आणि कधी सुटतं याकडे कान लावून बसलात कधी? तेच आहे हे.

जेम्स जेमरसन साठच्या दशकात मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य लोकप्रिय गाण्यांत बेस वाजवायचा. उजव्या हाताच्या एका तर्जनीने. तारा सपाट गुंडाळीच्या, शक्यतो न बदललेल्या, आणि ब्रिजच्या (तारा जिथे टेकतात त्या पट्टीच्या) झाकणाखाली फोम, म्हणजे स्वर आपसूकच लवकर विझायचा. त्या काळातल्या बहुतेक रेकॉर्डवर त्याचं नावच नसायचं. लोक त्या बेसवर नाचले आणि वाजवणारा कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. २००० साली त्याला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तोवर त्याला जाऊन सतरा वर्षं झाली होती. (हे सांगून तुम्हाला धीर येईल की निराशा, ते मला नक्की सांगता येत नाही. मला स्वतःला दोन्ही येतं.)

'मी अपघाताने बेसवाला झालो' याचंही दुःख तुमच्या पत्रात आहे, त्याला तर मी अजिबात भाव देणार नाही. कॅरल के या मुळात गिटारवादक. १९६३ मध्ये एका ध्वनिमुद्रणाला बेसवाला आलाच नाही, म्हणून त्यांच्या हातात बेस आला; पुढे त्या वाद्यावरच त्यांची कारकीर्द उभी राहिली. पॉल मॅकार्टनीही गिटारवालाच होता. १९६१ मध्ये बीटल्सचा आधीचा बेसवाला बाहेर पडला तेव्हा ती जागा याच्याकडे आली. कॅरल के तर आयुष्यभर प्लेक्ट्रमनेच (तार छेडायच्या छोट्या पत्तीने) वाजवत राहिल्या. तेव्हा 'खरा बेसवाला बोटांनीच वाजवतो' असं तुम्हाला कोणी ऐकवलं असेल तर सोडून द्या. तुमचा हात प्लेक्ट्रमला सरावलेला आहे, त्यातून स्वराची सुरुवात टोकदार येते, आणि गजबजलेल्या बारमध्ये ती फार कामाला येते. तळहाताची कड ब्रिजपाशी तारांवर अलगद टेकवलीत तर जेमरसनच्या फोमचं कामही होऊन जातं.

आता तुमचा खरा प्रश्न: गिटारकडे जाऊ, की सोडू?

तुम्ही कंसात लिहिलेल्या तीन-चार वाक्यांकडे परत चला. पत्रात जे कंसात असतं ते मी आधी वाचते, ही माझी जुनी खोड. तार तुटली, दोन्ही गिटार गप्प झाल्या, दोन मिनिटं फक्त तुम्ही आणि ड्रमर. लोक नाचत राहिले. आणि तुम्ही लगेच 'ते गाणंच तसं होतं म्हणा' असं लिहून त्यावर पाणी टाकलंत.

त्या दोन मिनिटांत तुम्ही काय वाजवलंत, आठवतंय? माझा अंदाज सांगते. तुम्ही घाबरलात, आणि घाबरून कमी वाजवलंत. ड्रमरच्या पायाकडे बघत राहिलात, कारण बघायला दुसरं काही नव्हतंच. गिटारांनी व्यापलेली खालची जागा मोकळी झाली होती, म्हणून तुमचा स्वर पहिल्यांदा अख्खा लोकांपर्यंत पोहोचला. म्हणजे खोली तीच, अ‍ॅम्प तोच, माणूस तोच. जे हवं ते तुमच्याकडून एकदा झालेलं आहे. ड्रमरला त्या दिवसाबद्दल विचारा. त्याला तुमच्यापेक्षा जास्त आठवत असेल.

उलट बाजू मी स्वतः अनुभवली आहे. माझा बेस बॅटरीवाला होता, आत नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. अशा बेसमध्ये केबल खोचून ठेवली की वाजवा न वाजवा, बॅटरी जळत राहते, हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी तालमीनंतर केबल रात्रभर तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी भर कार्यक्रमात तिसऱ्या गाण्यात आवाज आधी खरखरला, मग खोल गेला, मग गेलाच. मी खाली वाकून केबल हलवत बसले. कोणीही 'बेस गेला' असं म्हटलं नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही काय गेलं ते. फक्त समोर नाचणारी चार माणसं हळूहळू थांबली, एकाने खिशातून मोबाइल काढला आणि टेबलांवरच्या गप्पांचा आवाज वर आला. गिटार जोरात चालूच होत्या. मी नवी बॅटरी घालेपर्यंत दीड गाणं गेलं. त्या दीड गाण्यात लोकांना आठवलं की त्यांना बिल मागवायचं आहे.

तुमच्या त्या गृहस्थांनी तुम्हाला ओळखलं नाही हे खरंय. दोन तास त्यांचे पाय काय करत होते, ते मात्र तुम्ही लिहिलेलं नाही.

तेव्हा गिटारकडे जाण्याबद्दल: तुमच्या बँडला तिसरी गिटार नको आहे, दुसरीच थोडी जास्त झालीय. बँड सोडण्याबद्दल: आवाज पोहोचत नाही म्हणून सोडू नका, कारण ते दुरुस्त होण्यासारखं आहे. बेस आवडतच नसेल तर मात्र खुशाल सोडा. ओळखायचं कसं? एखादं आवडतं गाणं लागलं की तुमचा कान आता कुठे जातो ते बघा. दोन वर्षांनंतरही तो सोलोची वाट बघत असेल, तर मित्रांना सरळ सांगा आणि त्यांना दुसरा माणूस शोधायला तीन महिने द्या. पण तो न सांगता खाली, ड्रम आणि बेसच्या मधल्या फटीत जायला लागला असेल, तर तुमचं काही खरं नाही. तुम्ही आमच्यातले झालात.

दोन बारीक गोष्टी, ज्या तुम्ही विचारल्या नाहीत. कान: ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणची शिफारस केलेली मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. झांजेशेजारी उभं राहून तुमचं पहिलं गाणं सरता सरता शिध्यातला बराच भाग संपलेला असतो. फोमचे बोळे वरचे स्वर जास्त खातात आणि सगळं गादीखालून ऐकू येतं, मग माणूस ते काढून टाकतो. वादकांसाठीचे फिल्टरवाले इअरप्लग घ्या. दुसरी गोष्ट, मध्यंतरात मालक प्रेमाने पाजतील ते दुसरा सेट संपल्यावर. बेसवाल्याची लय एका ग्लासात गेलेली त्याला स्वतःला कधीच कळत नाही, ड्रमरला लगेच कळते.

आणि मालकांना सांगा की बाटल्या एकमेकींना टेकवून ठेवू नका, बोटभर फट सोडा आणि फळीवर रबराची पट्टी अंथरा. निम्मं किणकिणणं तिथेच थांबेल. पण त्याआधी तो स्वर शोधा, आणि सापडला की मला कळवा. मी ए वर पैज लावून ठेवली आहे.

– चौथी तार